सहा पेपरांची सावड

आमच्या भागात सावड म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आज तुझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मी चार माणसं घेऊन येतो, परवा माझ्या बांधीत तू ये. बैलांची सावड असते, नांगराची असते, धानाच्या रोवण्याची असते. दुधाची सावड मात्र माझ्या माहितीत आम्ही दोघींनीच केली, मी आणि माझ्या थोरल्या जावेनं. गाईम्हशीच्या नाही, आमच्या स्वतःच्या दुधाची. माहेर आणि सासर अशा दोन्ही घरांतली मी पहिली बी.ए. आणि ते बी.ए. या सावडीवर झालं. लोकांना वाटतं मी अभ्यासावर झाले. अभ्यास होताच. पण अभ्यास काय, पुष्कळजणी करतात.

माझे वडील देवरीकडचे शेतकरी. त्यांना सही येत नव्हती. कॉलेजच्या अर्जावर त्यांचा अंगठा आहे. तो लावताना तिथला बाबू म्हणाला होता, "पाटील, लड़की को पढ़ाके क्या करोगे?" वडील बोट पुसत म्हणाले, "आधी पढू त दे, मंग पाहू." ते मंग काही त्यांनी कधी पाहिलं नाही. नागपूरच्या होस्टेलात माझी दोन वर्षं झाली, शेवटचं वर्ष राहिलं आणि लग्न ठरलं. नवरा शिकलेला, गोंदियाच्या शाळेत मास्तर, घर जवळच्याच नागरा गावाच्या पलीकडे. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही मास्तरच म्हणते. मास्तरांनी लग्नाआधीच कबूल केलं होतं, शेवटची परीक्षा बाहेरून द्यायची. पण पहिल्या वर्षी घर लावण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी पोटात बाळ. पौषात मुलगी झाली. परीक्षा चैत्रात. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता आणि महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दोन वर्षं होती.

सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, ओसरीवर बसून एकदाच सांगितलं, "हे एक साल. झालं त झालं. नाई झालं त पुस्तकं पोत्यात बांधून धानाच्या कोठीवर ठेवजो. पुढच्या साली फारम भरनं नाई." मला राग आला नाही. त्यांनी एक साल तरी दिलं. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या सासऱ्यानं एक दिवससुद्धा दिला नसता. पण साल एकच होतं, आणि अंगावर पिणारी मुलगी तीन महिन्यांची.

त्यात मी शिकलेली. होस्टेलात एका पुस्तिकेत वाचलं होतं की बाळाला घड्याळावर पाजावं, दर तीन तासांनी, मधे नाही. मी मास्तरांचं गजराचं घड्याळ पाळण्याशेजारी ठेवलं. मुलगी एक तासानं रडली की मी घड्याळाकडे बघे आणि मन घट्ट करी. सासू चुलीजवळून बघत राही. तिसऱ्या दिवशी तिनं घड्याळ उचललं आणि तांदळाच्या मडक्यात घालून वर झाकण ठेवलं.

"पोरीले भूक लागते," ती म्हणाली, "तिले घड्यार थोडी समजते."

मडक्यातून गजर वाजला तेव्हा आम्ही दोघी हसलो. घड्याळ मास्तरांना परत गेलं. पण पुस्तिकेवरचा माझा विश्वास एवढ्यानं जात नव्हता. पेपर तीन तासांचा, गोंदिया दोन कोस, जाणं-येणं बैलबंडीनं. म्हणजे सकाळभर मुलीला माझ्याशिवाय राहायला हवं. मास्तरांनी गोंदियाच्या बाजारातून पावडरीच्या दुधाचा डबा आणि काचेची बाटली आणली. डब्यावर गुबगुबीत पोराचं चित्र होतं. आमच्या मुलीनं बाटलीचं रबर एकदा तोंडात घेतलं, आणि असं तोंड केलं की मामंजीसुद्धा हसले. मग तिनं जे थुंकलं ते मास्तरांच्या सदऱ्यावर. चार दिवस हेच. पाचव्या दिवसापासून डब्यातली पावडर सासू चहात घालू लागली. चहा बरा होई.

पाचव्या दिवशीच मी पडवीत बाटली हातात धरून बसले होते. समोर इतिहासाचं पुस्तक, मांडीवर किंचाळणारं पोर. थोरली जाऊ अंगणात धान पाखडत होती. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं दुसरं मूल, मुलगा, तेव्हा आठ महिन्यांचा, खाली दोन दात आलेला. जाऊ रोवण्यात सगळ्या गावात पहिली. तिला अक्षर येत नव्हतं आणि मला रोवता येत नव्हतं. हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघी जपून बोलत असू. तिचं जपून बोलणंही बाकीच्यांच्या भांडणासारखं वाटे, ही गोष्ट वेगळी.

"कायले छळून रायली पोरीले?" ती सूप न थांबवता म्हणाली. "ते रबर होय. रबर कोन चोखन?"

"मग काय करू, बाई? सहा पेपर आहेत. सहा सकाळी."

"मी हाव ना."

मला आधी कळलंच नाही. तिनं सूप खाली ठेवलं. हात झटकत पडवीच्या पायरीशी आली.

"मी पाजीन तिले. माह्यं दूध दोघाले पुरते. पन फुकट नाई हां, बियेवाली. सावड करू."

"कशाची?"

"सहा पेपर, सहा दिवस. रोवन्यात तू धुऱ्यावर बसशील. तुह्याले बी पाजशील, माह्याले बी. मी रांगीतून उठनार नाई."

हे काय आहे, ते रोवणा न पाहिलेल्याला कळायचं नाही. चिखलात बाया एका रांगेत वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागे मागे सरकतात. रांगेचा एक ताल असतो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लेकरं ठेवलेली. लेकरू रडलं की त्याची आई रांगेतून उठते, चिखलाचे हात धुते, धुऱ्यावर बसून पाजते, परत येते. तोवर तिची जागा मागे पडलेली असते आणि शेजारणी टोमणे मारतात. पोर घेऊन आली की झोपा काढाले आली? तिच्या थोरल्या मुलीच्या वेळी जाऊ तशी दिवसातून आठ-आठ वेळा उठली होती. गावात पहिली असलेली बाई त्या वर्षी रांगेत शेवटची होती. ते तिला लागलं होतं. तिला एक रोवणा असा पाहिजे होता, की ज्यात वाकली की संध्याकाळीच सरळ व्हायचं.

मी हो म्हटलं. परीक्षेआधीचा माणूस कशालाही हो म्हणतो.

सासूला हे समजलं तेव्हा ती चुलीजवळून उठली. "पोराच्या तोंडचं दूध पोरीले? माह्या नातवाचं आंग भरलं नाई अजून."

जाऊ म्हणाली, "दूध माह्या आंगात हाय, तुमच्या कोठीत नाई."

सासू पुन्हा चुलीकडे वळली. मला आजही वाटतं, तिला ते उत्तर आवडलं होतं. पाठमोरी ती हलत होती, आणि ते रडणं नव्हतं.

पण आमच्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं. जावेनं तिला मांडीवर घेतलं, पदराखाली घेतलं, आणि मुलीनं पाठीची कमान करून असा आकांत केला की शेजारची म्हातारी विचारायला आली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तोंड लावायची, हुंगायची, आणि मान फिरवायची. जावेच्या छातीवरून दूध ओघळत होतं. तिनं ते पदरानं घाईनं टिपलं, कारण बाईचं दूध भुईवर सांडलं आणि मुंग्या लागल्या की आटतं असं आमच्याकडे मानत. मग ती मला म्हणाली, "माह्या दुधात का मीठ हाय?" आणि मुलीला माझ्याकडे देऊन गोठ्यात निघून गेली. तिला अपमान वाटला होता. तीन महिन्यांच्या पोरीनं केलेला अपमान, पण अपमानच.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी पुस्तकं उघडी ठेवून बसे आणि ओळी नुसत्या डोळ्यांखालून जात. परीक्षेला तेरा दिवस होते. मनात मी पोतं शिवायलाही घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती शेणाच्या हातांनी गोठ्यातून थेट पडवीत आली.

"तुह्यं कालचं पातळ दे. धुतलेलं नोको."

"कशाला, बाई?"

"मागच्या साली आपली कबरी गाय मेली. वासरू लहान होतं. त्याले दुसऱ्या गाईखाली लावलं त पेत नोहतं. मंग मी काय केलं? कबरीच्या आंगावरची जुनी झूल त्या दुसरीवर टाकली. पेला मुकाट्यानं. वासरू डोऱ्यानं नाई ओरखत, नाकानं ओरखते." मग माझ्या मुलीकडे बघून, "तुही पोरगी काय वासराहून हुशार लागून गेली?"

मी तिला माझं कालचं पाचवारी पातळ दिलं, दुधाचे, घामाचे आणि तेलाचे डाग असलेलं. ती जन्मभर नऊवारी लुगडं कासोट्यानं नेसलेली बाई. पातळ गोल नेसून ती खोलीतून बाहेर आली तेव्हा दोन्ही हातांनी निऱ्या धरून, पाय जवळ जवळ टाकत. सासूनं तोंडाला पदर लावला.

"हसा," जाऊ म्हणाली. "हे का लुगडं होय? आंगावर काई हायच नाई असं वाटते."

तिनं मुलीला घेतलं. माझा पदर तोंडावर ओढला. मुलगी हुंगली. थांबली. पुन्हा हुंगली. मग तिनं तोंड लावलं आणि घटाघट पिऊ लागली. आम्ही कुणीच बोललो नाही, नजर लागेल म्हणून. जाऊ मात्र खाली बघून हळूच म्हणाली, "चोट्टी." असं प्रेमानं ती तिच्या पोरालाही कधी बोलली नव्हती.

तेव्हा मी ती तीन तासांची पुस्तिका काढली आणि चुलीत घातली. नुसती शिकलेली मी आणि न शिकलेली ती, यांत त्या दिवशी हुशार कोण होतं, हे मी लपवणार नाही.

पहिल्या पेपराच्या दिवशी कोंबडा आरवायला मास्तरांनी बंडी जुंपली. मागे गवताच्या गादीवर आम्ही दोघी आणि दोन पोरं. बांधावर मोहाची झाडं होती, खाली फुलं पडलेली, सगळ्या वाटेला तो गोड जड वास. परीक्षा सकाळी सातची. जावेच्या अंगावर माझं पातळ, बारा दिवसांत एकदाही न धुतलेलं. "तुह्या वासानं आता माहा जीव घाबरते," ती म्हणाली. मी पेटीतलं कोरं पातळ नेसले होते. परीक्षेच्या इमारतीसमोर रस्त्यापलीकडे एक कडुलिंब होता, त्याच्या बाजूला भजी-चहाची टपरी. मास्तरांनी बैल सोडून झाडाला बांधले आणि स्वतः शाळेत गेले. जाऊ पोरांना घेऊन झाडाखाली बसली, मी आत गेले.

बाकावर बसले. पर्यवेक्षक प्रत्येकाचा रोल नंबरचा कागद बघत येत होते. मी पदराच्या टोकाला हात घातला. गाठ नव्हती. तेव्हा मला आठवलं. कागद आला त्या दिवशी मी तो पदराला गाठ मारून ठेवला होता, आमच्याकडे सगळ्या बायका महत्त्वाचं काय ते पदरालाच बांधतात. पण ते पातळ दुसरं होतं. ते रस्त्यापलीकडे जावेच्या अंगावर होतं आणि त्याच्या पदराखाली माझी मुलगी पीत होती.

मी धावत फाटकापर्यंत आले. चपराशी म्हणाला, "बाहर गई तो अंदर नहीं आने दूँगा, बाई. घंटी होने में पाँच मिनट है." मी फाटकाचे गज धरून ओरडले, "बाई! बाई वो! पदराची गाठ!"

जाऊ उठली. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण मी ओरडते आहे एवढं पुरे होतं. स्वतःचा मुलगा तिनं टपरीवाल्याच्या मांडीवर ठेवला. टपरीवाला "अरे, अरे बहनजी" म्हणतो तोवर ती निघाली होती. माझी मुलगी एका हातात, अजून पीतच. गोल पातळात तिला पाऊल टाकता येईना. दोन पावलं अडखळली. तिसऱ्या पावलाला तिनं भर रस्त्यात निऱ्या मागं खेचल्या, पाचवारीचाच कासोटा घातला, आणि धावली. गुडघ्यापर्यंत पाय उघडे. गोंदियाच्या रस्त्यावर, सायकलवाले बघताहेत, आणि माझी जाऊ धावते आहे.

"ए बाई, किधर?" चपराशी आडवा झाला.

"माह्या जावंचा पेपर हाय!"

"औरतों का अंदर..."

"आत कोन येऊन रायलं? हे सोड!" तिनं पदराचं टोक गजांतून त्याच्यासमोर धरलं. तिचा एकच हात मोकळा होता, गाठ सुटेना. चपराशी परक्या बाईच्या पदराला हात लावायला तयार होईना. मी गजांतून नखं लावून पाहिली, पण बारा दिवसांची घट्ट गाठ. जावेनं माझ्याकडे एकदा पाहिलं, टोक ओढून घेतलं, दातात धरलं आणि गाठीसकट फाडलं. फाटलेला तुकडा माझ्या हातात दिला. "जा."

कागदावर तिच्या दातांची खूण उमटली होती. पर्यवेक्षकांनी तो उलटून पालटून पाहिला आणि मला बसू दिलं.

त्या पेपरात दुसऱ्या तासाला रस्त्यापलीकडे एक पोर रडलं. माझं होतं का तिचं, का कुणा तिसऱ्याचंच, मला माहीत नाही. पण ते ऐकताच माझी छाती दगडासारखी झाली आणि दूध आलं. पोलक्याच्या आत मी मऊ धोतराच्या घड्या ठेवल्या होत्या, त्या भिजल्या. डावा हात छातीवर आवळून मी उजव्यानं लिहीत राहिले. एक थेंब कागदावर पडलाच. शाई फुटली, एका राजाच्या कारकिर्दीवर निळा डाग पसरला. मी तो टिपला नाही, कारण टिपला तर जास्त पसरला असता. पुढे लिहिलं. ज्या कुणी तो पेपर तपासला असेल त्यांना वाटलं असेल, बाईला घाम फार येतो.

दहा वाजता बाहेर आले तर झाडाखाली माझी मुलगी झोपलेली, जाऊ टपरीवरचा आलुबोंडा खात बसलेली, आणि तिचा मुलगा भुकेनं लाल.

"तुह्या पोरीनं सगळं संपवलं," ती म्हणाली. "आता याले का पाजू, चहा?"

माझी छाती ठणकत होती. मी त्याला उचललं आणि बंडीत, ताडपत्रीच्या आडोशाला, अंगावर घेतलं. त्यानं मुळीच हुंगलं नाही. आठ महिन्यांचा गडी, त्याला वासाचं काय. त्यानं तोंड लावलं, चार घोट घेतले आणि दोन दातांनी कचकन चावला. मी किंचाळले. बैल दचकले. जाऊ पोट धरून हसली, मग एकदम बोट वर करून म्हणाली, "हे धरलं जानार नाई हां. हे सावडीत नाई. सावड रोवन्यातलीच."

सहाही पेपर असेच झाले. येताना तिचा मुलगा माझ्याकडे, जाताना माझी मुलगी तिच्याकडे. टपरीवाला आम्हाला ओळखू लागला, दुसऱ्या दिवसापासून त्यानं जावेला बसायला बाक दिला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. चपराशी तिला "जावबाई" म्हणू लागला. "जावबाई, आज गाँठ किधर है?" ती त्याला दात दाखवी.

आषाढ आला. परे हिरवेगार उभे राहिले. ज्या दिवशी आमच्या बांधीत रोवणा लागणार होता, त्या सकाळी सासू म्हणाली, "तू घरी राय. मास्तराची बायको, शिकलेली, धुऱ्यावर बसन? लोक का म्हनतीन?"

खरं सांगते, माझ्या मनात तेच होतं. गावातल्या बायांसमोर, उघड्या बांधावर, दोन पोरं अंगावर घेऊन बसायचं. माझे वर्गसोबती नागपुरात कुठे कुठे नोकऱ्यांना लागले होते. आणि निकाल अजून आला नव्हता. पुस्तकं कोठीवर जाणार की नाही ते ठरायचं होतं, नापास झाले तर धुऱ्यावरची बाई हेच माझं नाव पडायचं. जाऊ दारात उभी होती, कासोटा घालून, डोक्यावर टोपली. ती काही बोलली नाही. सावडीत मागणारा बोलत नसतो.

मी मुलगी कडेवर घेतली आणि तिच्या मागे निघाले.

पहिले दोन दिवस बायांनी मला मन भरून बोलून घेतलं. "बियेवाली माय, माह्याही लेकराले पाज वो!" "इंग्रजीत पाजते का?" मी म्हटलं, "इंग्रजीत पाजलं तर तुह्या पोराला पचन का?" त्यावर रांग अशी हसली की तिचा ताल चुकला. मग सवय झाली. मी बांबूच्या कामट्यांवर पळसाची पानं टाकून केलेल्या आडोशात बसे. जावेचा मुलगा आता रांगत होता, सहा दातांचा, मी त्याचं नाक धरून त्याला चावू नये हे शिकवलं. पुढे मी शाळेत शिकवू लागले, त्याच्याही आधीचा माझा पहिला विद्यार्थी तो. रिमझिम पाऊस, चिखलाचा वास, रांगेतलं गाणं आणि मांडीवर दोन ऊबदार डोकी. होस्टेलातल्या खिडकीत बसून पुस्तक वाचताना मला जे सुख वाटे, तसंच काहीतरी मला तिथं वाटलं. आणि रांगेत सगळ्यांत पुढे, बाकीच्यांच्या दहा हात पुढे, माझी जाऊ. वाकलेली ती एकदाही उठली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर धुऱ्यावरून येताना दिसले. चपला हातात, सायकल गावातच टाकलेली, सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र दडवलेलं.  त्यांनी कागद उलगडला, माझ्या नंबराखाली नखानं रेघ ओढलेली होती. तरी मी पोलक्यातून तो दातांची खूण असलेला कागद काढून आकडा आकड्याशी लावून पाहिला. लागला. तिसऱ्या वर्गात. थर्ड क्लास. मी हे कधी लपवलं नाही. ज्यांना फर्स्ट क्लास मिळाला त्यांच्या छातीशी कुणी नव्हतं.

रांग थांबली होती. "का झालं वो?" जावेनं चिखलातून विचारलं.

"पास," मास्तर ओरडले. "बी.ए. झाली!"

जाऊ सरळ झाली. चार दिवसांत पहिल्यांदा रोवणीतून सरळ झाली. कमरेवर दोन्ही हात, कोपरापर्यंत चिखल, आणि अख्खं तोंड हसतंय. बायांनी हातातले परे वर केले. मास्तर म्हणाले, घरी चल, आईनं बोलावलंय, साखर वाटायची आहे, बाबा ओसरीवर बसून वाट पाहताहेत. पुस्तकं आता कोठीवर जाणार नव्हती. मी पदर सावरून उठू लागले. माझ्या मांडीवर माझी मुलगी झोपली होती आणि तिचा मुलगा अजून पीत होता.

"कुठं चालली?" जाऊ म्हणाली. हसू तसंच होतं, पण आवाज सावडीचा. "बीए झाली ना आता? मोजता येत असन ना? आज चवथा. अजून दोन रायले."

मास्तर माझ्याकडे बघू लागले. मी परत बसले. त्यांना म्हटलं, "मामंजींना सांगा, संध्याकाळी येते. रोवणा सुटल्यावर."

जाऊ वाकली. रांग पुन्हा चालू झाली.